पुरलेली पिशवी

आत्यानं फावड्यावर पाय दिला, अंगाचा सगळा भार टाकला आणि भिंतीलगतचं आणखी एक ढेकूळ उपटून बाजूला भिरकावलं. खाली काळी माती निघाली, एक गांडूळ निघालं, एक गंजका खिळा निघाला. पिशवी काही निघाली नाही.

"इथंच पुरल्यात," ती म्हणाली. हे ती केव्हापासून म्हणत होती, आणि दर वेळी जरा जास्त मोठ्यानं.

मागं उलट्या क्रेटवर रोपवाटिकेची बाई बसली होती. मातीतलीच बाई. नखं काळी, पायात रबरी बूट, आणि चेहऱ्यावर असा भाव की बोला तुम्ही, मी ऐकतेय, पण विश्वास मात्र घरी ठेवून आलेय. तिच्या शेजारी आत्याची भाची चहाचा कप धरून उभी होती. चहा बाईसाठी आणलेला, बाईनं नको म्हटलेला, आणि आता भाचीच्या हातात साय धरत चाललेला. पत्र्याच्या सावलीत स्टुलावर दादा बसला होता. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, भाचीचा बाप आणि या कारखान्याचा मालक. एरवी कुणी भिंतीत खिळा ठोकत असलं तरी दादा लांबून सूचना करायचा. आज बहिणीनं भिंतीलगतचं निम्मं आवार उकरलं तरी तो आपला गुडघा चोळत गप्प.

कारखाना कसला, एक लांबोडकी शेड. शेडमध्ये एकच मशीन, पण ते पार छपराला टेकलेलं. खाली प्लास्टिकचे दाणे ओतायचे, मशीनच्या पोटात ते वितळायचे आणि वरच्या गोल फटीतून पातळ पडदा होऊन बाहेर यायचे. त्या पडद्यात हवा भरली की त्याचा फुगा व्हायचा, माणसाच्या कमरेएवढा जाड आणि छपरापर्यंत उंच. वर रुळांमध्ये तो चपटा व्हायचा, गुंडाळला जायचा, आणि कापला की झाल्या पिशव्या. आत्यानं उभा जन्म त्या फुग्यापाशी काढला. तिला बघायला पाहुणे आले तेव्हाही ती मशीनवरच होती, आणि फुगा सोडून येता येत नाही असा निरोप तिनं बाहेर पाठवला होता. पुन्हा कुणी आलं नाही, आणि तिचंही काही अडलं नाही. सगळी गल्ली तिला फुगाआत्या म्हणायची.

तिचा तोरा एकच. आपल्या हातची पिशवी फाटत नाही. दिवसातून एकदा ती मालातली एक पिशवी उचलायची, वाळूनं गच्च भरायची, तोंड आवळून बांधायची आणि दारातल्या खिळ्याला टांगायची. येणारा-जाणारा डोकं वाचवत आत शिरायचा. संध्याकाळपर्यंत पिशवी शाबूत राहिली की आत्याला जेवण गोड लागायचं.

मग प्लास्टिकच्या पिशव्यांचे दिवस भरले. दुकानदार तोंड फिरवू लागले, कालपर्यंत हक्कानं पिशवी मागणारी गिऱ्हाइकं कापडी पिशव्या मिरवू लागली. दादा म्हणाला, पुरे झालं. त्यानं भंगारवाल्याशी बोलणं केलं, आणि तो उद्या टेम्पो घेऊन मशीन न्यायला येणार होता. आत्या भांडली, रुसली, दोन वेळा जेवली नाही, आणि एवढंच पदरात पाडून घेतलं की रोपवाटिकेच्या बाईनं नव्या पिशव्या घेते म्हटलं तर मशीन राहणार. नाही म्हटलं तर टेम्पो.

नव्या पिशव्या भाचीच्या डोक्यातून निघालेल्या. पोरगी शिकून आली ती पोत्यांसकट. एका पोत्यात मक्याचं स्टार्च, दुसऱ्यात साखर आंबवून बनवलेल्या पॉलिमरचे दाणे, आणि एका कॅनमध्ये ग्लिसरीन. तिनं आत्याला बसवून समजावलं. नुसत्या स्टार्चची पिशवी पाण्यात लिबलिबीत होणार आणि वाळली की सुक्या पानासारखी मोडणार. नुसत्या पॉलिमरची पिशवी टिकणार, पण मातीत जायला नाही नाही ते नखरे करणार. दोघांना बेतानं एकत्र आणलं तर पिशवी कामापुरती टिकेल आणि काम झालं की माती तिला खाऊन टाकेल.

"म्हणजे लग्नच लावायचंय की," आत्या म्हणाली. "ते काम मला कुठं येतं?"

आणि खरंच आलं नाही. पहिल्या दिवशी तिनं प्लास्टिकला लागते तेवढी आच दिली. शेडभर भाजलेल्या कणसाचा वास सुटला. फुगा तांबूस झाला, थरथरला आणि फाटकन बसला. दादा बाहेरून विचारत आला की जेवायला काय केलंय. दुसऱ्या खेपेला आच कमी केली, तर स्टार्चनं हवेतला ओलावा पिऊन ठेवलेला. फुगा वर गेला तो कसर लागलेल्या लुगड्यासारखा, भोकंच भोकं. भाची वह्या चाळत बसायची आणि आत्या मशीनला शिव्या देत बसायची. शेवटी स्टार्च आधी नीट वाळवायचं, आच आणखी उतरवायची, फुगा घाईनं ओढायचा नाही, असं करत करत एका दुपारी फुगा उभा राहिला. चकचकीत नव्हता. दुधात पाणी घातल्यासारखा, अंधुक. हात लावला तर प्लास्टिकसारखा करकरला नाही. आत्यानं पिशवी कापली, वाळू भरली, खिळ्याला टांगली. संध्याकाळी म्हणाली, बरी आहे. भाची त्या दोन शब्दांवर आठवडाभर खूश होती.

रोपवाटिकेच्या बाईला अशीच पिशवी हवी होती. रोप लावताना पिशवी फाडायची नाही, रोपासकट खड्ड्यात ठेवायची. पण कुजते हे आधी तिला बघायचं होतं. पिशवीची तपासणी माझ्याच मातीत करा, म्हणून तिनं स्वतः कालवलेल्या लाल मातीचं एक पोतंही धाडलं होतं. भाचीनं आत्याला बजावलं की पिशवीच्या पट्ट्या जाळीत घालून वीतभर खोल पुर, आणि ती स्टार्च वाळवायचं जुनं यंत्र बघायला परगावी गेली.

आत्यानं आपल्या मनाचं केलं. रिकाम्या पट्ट्या पुरायच्या ही कुठली तपासणी, पिशवी म्हणजे भरलेली. तिनं मूठभर पिशव्या घेतल्या, बाईच्या लाल मातीनं गच्च भरल्या, नायलॉनच्या दोऱ्यानं तोंडं बांधली आणि भिंतीलगत ओळीनं पुरल्या. जमीन दगडासारखी होती, म्हणून वीतभराचं चार बोटांवर भागवलं. खुणेला मशीनचा एक झिजलेला रूळ उभा रोवला. त्याला आता चांगले काही महिने लोटले होते, आवारात गुडघाभर गवत माजलं होतं, आणि आत्या त्या रुळाच्या चारी अंगांनी उकरत सुटली होती.

भाची हळूच तिच्याजवळ सरकली. कानात म्हणाली की आत्या, काही सापडत नाहीये ही चांगली गोष्ट आहे. हसू तिच्या ओठांवर मावत नव्हतं.

"तू गप गं शहाणे," आत्या म्हणाली. "गिऱ्हाईक दारात आलंय, माल दाखवता येईना, आणि म्हणे चांगली गोष्ट."

तिला ते पटणारच नव्हतं. इतकी वर्षं दाखवायचं म्हणजे काय, तर पिशवी हातात घ्यायची, दोन्ही बाजूंनी ताणायची आणि फाटत नाही म्हणून समोरच्याच्या नाकासमोर धरायची. आता नाकासमोर धरायचं काय? तिनं फावडं पुन्हा घातलं. निदान एक चिंधी तरी. चिंधी दिसली असती तरी तिचा जीव भांड्यात पडला असता.

बाईनं तोंड उघडलं ते शांतपणे. आधीही एकजण तिच्याकडे असाच आला होता, मातीत विरघळणारी पिशवी म्हणून. तिनं भरवशानं सगळी रोपं त्यात लावली. पुढं झाडं खुरटली म्हणून उपटून बघितली, तर मुळं आतल्या आत गुंडाळून बसलेली, जन्मकैद्यासारखी. अजून तिच्या वाफ्यांमध्ये खुरपं घातलं की चिंध्या निघतात.

"ताई, तुमचे कष्ट दिसतात मला," ती म्हणाली. "पण सापडत नाही म्हणजे कुजली, का सापडत नाही म्हणजे पुरलीच नव्हती, हे मी कसं ओळखायचं?"

भाचीच्या ओठावरचं हसू मावळलं. बाईनं पर्स खांद्याला लावली, उठली, बुटांची माती क्रेटला झटकली. पुन्हा कधीतरी येईन म्हणाली. त्या पुन्हा कधीतरीचा अर्थ कारखान्याच्या मांजरालाही कळला असता. आत्या फावड्याला धरून उभी राहिली आणि शेडच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या मशीनकडे बघत राहिली. उद्या या वेळी तिथं नुसती जमीन असणार होती, तेलाचे डाग पडलेली.

"रूळ तिथं नव्हता," दादा म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. दादा स्टुलावरून उठला होता आणि स्वतःच्याच पायांकडे बघत होता.

"मी हलवला. अलीकडं आणून लावला."

आत्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा असा लाल झाला की भाचीनं कप खाली ठेवला.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"विकायचंच होतं तर सरळ विकायचंस की मशीन. मी काय तुझे हात धरले होते? असं पाठीमागून कशाला?"

"अगं, पिशवीसाठी नाही हलवला," दादा म्हणाला. त्यानं नुसतं ये म्हणून मान हलवली आणि लंगडत भिंतीच्या कोपऱ्याकडे निघाला.

कोपऱ्यात एक पत्रा भिंतीला तिरका टेकवून ठेवला होता. आत्या रोज तो बघायची आणि भंगार म्हणून सोडून द्यायची. दादानं तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला. मागं काकडीचा वेल होता. सुतळीवरून भिंतीवर चढवलेला, पानं तळहाताएवढी, पिवळी फुलं, आणि खाली लपून दोन-तीन काकड्या. बुंध्याला विटांचं आळं, आळ्यात पाणी, पाण्याशेजारी एक डबा. इतकी निगा दादानं स्वतःच्या दाढीचीही कधी घेतली नव्हती.

दादानं तेव्हा सांगितलं. रुळापाशी एक दिवस दोन पानं वर आली. त्यानं काही लावलं नव्हतं, आपली आपण आली. गवत म्हणून उपटायला वाकला, तर वाकलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी पानं तीन. मग त्याला रोज सकाळी उठल्यावर आधी तिथं जावंसं वाटू लागलं. पिशव्या बघायला तुम्ही कधीतरी उकरणार, आणि तू फावडं घालतेस ते दया-माया न ठेवता, म्हणून रूळ उचलला आणि तिकडं नेऊन लावला.

"आयुष्यभर दाणे ओतले गं," तो म्हणाला. "ओतलेलं कधी उगवलं नाही. हे न ओतता उगवलं."

आत्याचा राग कुठं ठेवावा हे तिलाच कळेना. तिला वाटलं होतं गुडघ्यामुळं विकतोय, कंटाळून विकतोय. शेड काढली तर तिथं ऊन येईल, असं तो मागं एकदा पुटपुटला होता, तेव्हा तिनं लक्षच दिलं नव्हतं. पण आता लक्ष द्यायला वेळ नव्हता. पिशव्या या वेलाखाली होत्या आणि बाई अजून फाटकातून बाहेर पडली नव्हती. आत्यानं फावडं उचललं. दादा आळ्यापुढं उभा राहिला. हात पसरले नाहीत, नुसता उभा राहिला. मग त्यानं एकदा मशीनकडे बघितलं, एकदा बहिणीकडे, आणि एक पाऊल बाजूला झाला.

"खण," तो म्हणाला. "पण हळू."

"थांबा हो," बाई म्हणाली. "फावड्यानं काय खणताय? दुधाच्या दातांना पक्कड लावतं का कुणी?"

तिनं पर्स भाचीच्या गळ्यात अडकवली, गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी माती सारू लागली. ते बघण्यासारखं होतं. बोटं अशी चालत होती की मुळांना कळूही नये. वरची काळी माती बाजूला झाली आणि खाली लाल माती लागली. काळ्या मातीत लाल मातीचा गोल, भरल्या पिशवीएवढा, कडा अगदी पिशवीच्या. फक्त भोवती पिशवी नव्हती. लाल मातीतून पांढरी मुळं निघाली होती आणि कशालाही न अडता सरळ काळ्या मातीत शिरली होती. बाईनं चिमूटभर लाल माती उचलली, चोळली, नाकाशी नेली.

"माझीच आहे," ती म्हणाली. "यात मी हाडांचा भुगा घालते. दुसरं कुणी घालत नाही."

मग तिनं वेलाचा बुंधा मोकळा केला आणि थांबली. जमिनीलगत, बुंध्याभोवती, निळ्या नायलॉनच्या दोऱ्याचं वेटोळं होतं. गाठ पक्की, टोकं आखूड कापलेली. वेल त्या वेटोळ्यातून वर आला होता. शेजारी माती सारली तर दुसरं वेटोळं मिळालं, तिसरं मिळालं, तशीच आवळलेली आणि आत काहीच नाही.

आत्या वाकली. "ही माझी गाठ," ती म्हणाली.

बाईनं वेटोळं बोटानं फिरवून बघितलं. आता ही पानं केवढी आणि हा दोरा केवढा. वरून कुणी घालावा म्हटलं तर दुसऱ्या पानापाशीच अडकला असता. म्हणजे पिशवी बांधलेली होती, बी माझ्या मातीतून आलं, पिशवीच्या बांधलेल्या तोंडातून उगवलं, आणि पिशवी त्याच्यासाठी बाजूला झाली. हे सगळं ती स्वतःशीच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. भाचीनं आनंदानं आत्याचा दंड असा आवळला की आत्या ओय म्हणाली.

"दोन दिवस झाले, मलूल वाटतोय वेल," दादा म्हणाला.

"वाटणारच. गळा आवळलाय त्याचा," बाई म्हणाली. "बुंधा जाड होतोय आणि तुमच्या ताईंचा दोरा काही सोडत नाही."

आत्यानं कमरेचं ब्लेड काढलं. पिशव्या कापायचं ब्लेड, धारदार. तिच्या गाठी आजवर गिऱ्हाइकांनी दातांनी तोडल्या होत्या, कात्रीनं कापल्या होत्या, आणि ती त्यावर मनापासून हसली होती. तिनं जमिनीवर बैठक मारली, दोऱ्याखाली नख घातलं, ब्लेड आडवं धरलं आणि बुंध्याला ओरखडा न काढता गाठ कापली. मग दोरा ओढून काढायचं सोडून ती उगीच थोडा वेळ तशीच बसून राहिली, बुंध्यावरचा वळ अंगठ्यानं चोळत.

बाई उठली, हात झटकले आणि एक काकडी तोडली. दादा घशातल्या घशात काहीतरी म्हणाला.

"बी माझं, माती माझी," बाई म्हणाली. "पिशवी यांची. तुमचं काय होतं हो?"

"पाणी," दादा म्हणाला.

"मग एक फोड तुमची."

काकडी ब्लेडनंच कापली. चौघं भिंतीला टेकून खात उभे राहिले आणि बोलणी तिथंच झाली. बाई पिशव्या घेणार, पहिली खेप पुढच्या हंगामाच्या रोपांसाठी. दोरा मात्र नको, तोंड दुमडून द्या. आणि एक अट. दर खेपेतल्या थोड्या पिशव्या इथं आवारात लावायच्या, त्यांत रोपं घालायची, आणि पिशवी कधी गेली, मुळं कशी निघाली हे कुणीतरी रोज बघायचं. तिला कागदावरचा भरवसा नको होता, बघणारा माणूस हवा होता.

आत्या आणि भाची एकाच वेळी दादाकडे बघायला लागल्या.

"माझा गुडघा," दादा म्हणाला.

"गुडघ्यावरच बसायचंय," आत्या म्हणाली.

बाई गेल्यावर भाची पाय आपटत शेडभर नाचली आणि मग शहाण्यासारखी स्टार्च वाळायला घालायला गेली. आत्यानं मशीन लावलं. आच बघितली, दाणे ओतले, आणि फटीतून दुधट पडदा बाहेर आला तसा तो बोटांत धरून वर ओढत नेला. फुगा भरला. छपरापर्यंत गेला आणि डुलत उभा राहिला.

तेवढ्यात बाहेर दादाचा आवाज आला. तो फोनवर होता, भंगारवाल्याशी. आत्याचा हात वाऱ्याच्या नळीवर थबकला.

दादा सांगत होता की हो, उद्याच ये. टेम्पो आण, मोठाच आण.

आत्या फुग्याआडून दाराकडे बघत राहिली.

"आणि तुझ्याकडं ती जुनी पत्र्याची पिंपं आहेत ना, ती सगळी घाल त्यात," दादा म्हणाला. "बुडाला भोकं असू देत, मला भोकाचीच पाहिजेत. काय? नाही रे, ते कुठं जातंय?"

पलीकडचा काहीतरी वाद घालत होता. दादानं थोडं ऐकलं, मग फोन कानापासून काढला आणि हात लांब करून शेडच्या दारातून आत, घरघरणाऱ्या मशीनच्या दिशेनं धरला.